पूर्वरूपापर्यंत

गोविंदराव कुणाला 'नमस्कार' म्हणत नसत. ते 'जीभ' म्हणत. माणूस समोर आला, की आधी त्याच्या तोंडाकडे निरखून बघायचं, भुवया वर चढवायच्या आणि म्हणायचं, "जीभ." ओळखीचा असला तर तो बिचारा मुकाट्याने बाहेर काढायचा. नवखा असला तर मागे वळून बघायचा, की हे आपल्यालाच म्हणताहेत की आणखी कुणाला. मग गोविंदराव पुन्हा म्हणायचे, "तुम्हीच हो. काढा. लाजायचं काय त्यात? सगळ्यांना असते."

लोणावळ्याच्या म्युनिसिपालटीचा एक जकातनाका पुण्याच्या रस्त्याला होता. तिथे एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून मी आणि गोविंदरावांनी नोकरीची कितीतरी वर्षं काढली. नाका म्हणजे काय, तर पत्र्याची एक खोली, रस्त्यावर आडवा टाकलेला बांबू, तो वर-खाली करायला एक शिपाई आणि आत आम्ही दोघे कारकून. मावळातून बैलगाड्या यायच्या. भात, गवत, हिरडा, कोळसा, झापाखाली कोंबड्या. जे काही गावात शिरणार, त्याने आधी आमच्यापुढे थांबायचं. गोविंदरावांचं म्हणणं असं, की आजारालाही हाच नियम लावला पाहिजे.

"आजार काय एकदम घरात घुसतो होय रे माधव? आधी दारात उभा राहतो. खाकरतो, कडी वाजवतो. आपलंच लक्ष नसतं."

मी आपला पावत्या फाडत राही. मी मुळातच थकलेला माणूस आहे. आमची आई म्हणायची, की हा जन्मल्यावर रडलासुद्धा नाही, नुसता उसासा टाकला. त्यात लोणावळ्याचा पाऊस. भिंतीला ओल, पावतीपुस्तकाला ओल, सदरा अंगावरच वाळवायचा आणि अंगावरच पुन्हा भिजवायचा. घरी जावं तर आमच्या हिचं दळण, सरपण आणि गळणारं छप्पर. अशा माणसाला शांतपणे बसू द्यावं की नाही? पण नाक्यावर रुजू झालो त्या पहिल्याच सकाळी मी टोपी खुंटीला अडकवली, खुर्चीत टेकलो आणि "हुश्श" केलं. एवढाच माझा गुन्हा. गोविंदराव ताडकन उठून उभे राहिले.

"हुश्श का केलंस?"

"दमलो."

"काम काय केलंस?"

"अजून काहीच नाही. आत्ता तर आलो."

"काम न करता दमलास!" त्यांचे डोळे असे चमकले, की मला वाटलं, आता मिठी मारतात. "श्रमावाचून थकवा. ज्वराचं पहिलं पूर्वरूप. जीभ!"

त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी तापाच्या उंबरठ्यावर उभा असलेला इसम झालो. ताप काही आला नाही आणि गोविंदरावांनी पिच्छाही सोडला नाही. मी हुश्श केलं रे केलं, की टेबलापलीकडून आवाज यायचाच. पुढे पुढे मी हुश्श मनातल्या मनात करायला शिकलो. पण तेही त्यांना ऐकू जाई.

आता हे पूर्वरूप म्हणजे काय, ते सांगायला हवं. गोविंदराव मूळचे सुदुंबऱ्याचे. त्यांचे मामा तिथले वैद्य. आईबाप लवकर गेल्यामुळे गोविंदराव मामांकडेच वाढले आणि मिसरूड फुटल्यावर त्यांच्याच हाताखाली वैद्यकी शिकायला बसले. मामा पोथी उघडत नसत, ओट्यावर बसून तोंडी शिकवत. आधी रोगाचं कारण. मग रोग येण्याआधी तो ज्या खुणा पाठवतो त्या, म्हणजे पूर्वरूप. मग खुद्द रोग. आणि हे सगळं पाठ झालं, की शेवटी औषधं. कारणं शिकून झाली. पूर्वरूप शिकून झालं. आणि पुढच्या धड्याला हात घालायच्या आत तापाची ती मोठी साथ आली. मावळात घरोघर माणसं गेली, त्यात मामाही गेले. विद्या जिथल्या तिथे थांबली.

म्हणजे झालं काय, की रोग येण्याआधीचं सगळं गोविंदरावांना ठाऊक आणि आल्यानंतरचं काहीच नाही. दुसरा कुणी असता तर त्याने ते अर्धं ज्ञान गुंडाळून माळ्यावर टाकलं असतं. गोविंदरावांनी ते जन्मभर वापरलं.

धोंडिबाचंच घ्या. हा कुसगावचा गाडीवान. गवताची गाडी घेऊन आमच्या नाक्यावर नेहमी यायचा. एकदा बांबूपाशी थांबला आणि गोविंदराव खिडकीतून म्हणाले, "जीभ."

"भाऊसाहेब, गवात हाय नुसतं."

"गवताला कोण विचारतंय? तुझी काढ."

धोंडिबाने काढली.

"तोंडाला चव आहे?"

"न्हाई बा. सकाळधरनं भाकर ग्वाड लागंना."

"अंग जड?"

"व्हय."

"जांभया?"

"लय."

"डोळ्यांतून पाणी?"

"व्हय, व्हय!" धोंडिबा खूश झाला. एवढ्या आस्थेने त्याला घरीही कुणी विचारलं नसेल.

"तुला ताप येणार," गोविंदराव म्हणाले.

"आरं द्येवा! मंग औषद द्या की."

"औषध मला ठाऊक नाही. पुढचं ठाऊक नाही. आपलं पूर्वरूपापर्यंतच झालंय."

धोंडिबा मटकन जुवाला टेकला. "मंग सांगितलं कशापायी? न सांगता आला आस्ता तर आजचा दिस तरी सुकात गेला आस्ता माजा!"

मागे गाड्यांची रांग लागलेली, बैल शेपट्या हलवताहेत, वरून पाऊस, आणि पुढे हा संवाद. शेवटी मीच उठून पावती फाडली आणि त्याला वाटेला लावलं. ताप त्याला आलाच नाही. मागाहून कळलं, की गडी रात्रभर तमाशाला बसला होता. मी हे गोविंदरावांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "सावध झाला म्हणून टळला." ताप आला तर यांचं बरोबर, नाही आला तर यांच्यामुळे टळला. या शास्त्रात हरायची सोयच नव्हती.

पण लोक मोठे विचित्र. औषध न देणारा हा वैद्य त्यांना आवडायला लागला. 'जिभंवालं भाऊसाहेब' म्हणून आसपासच्या गावांत नाव झालं. बाजाराला आलेल्या बायका पोरं काखोटीला मारून नाक्यावर येत आणि खिडकीतून सगळ्यांच्या जिभा दाखवून पुढे जात. शेतावरच्या गड्यांनी तर कमालच केली. गोविंदरावांनी "ताप येणार" म्हटलं, की ते घरी जाऊन घोंगडी पांघरून पडायचे. यायच्या तापाची रजा! एकदा कुसगावचे एक पाटील ऐन लावणीत तणतणत आले. "माझे गडी तुम्ही झोपवलेत काय हो? ताप कुणालाच न्हाई आन् खाचरात माणूस न्हाई!" गोविंदरावांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आबा, तुमचा चेहरा लाल झालाय. पायांची आग होते का?" पाटलांनी पायांकडे बघितलं. म्हणाले, "व्हती. थोडी थोडी." "मोरीत मुंग्या येतात? मधुमेहाआधी येतात." पुढचा संवाद मी इथे देत नाही. पाटील गेले ते पाय जपून टाकत गेले.

स्वप्नांचाही एक भाग होता. क्षयाची चाहूल म्हणे स्वप्नातून लागते. ओसाड गावं दिसतात, आटलेल्या नद्या दिसतात, माकडं दिसतात. त्यामुळे गोविंदराव सकाळी शिपायाला विचारत, "काल काय पाहिलंस?" तो म्हणे, "माकडं." गोविंदराव काळजीत पडत. एकदा मी म्हणालो, "अहो, या खंडाळ्याच्या माणसाला माकडं नाही दिसणार तर काय मोर दिसणार? इथे जागेपणीच भाकरी पळवतात." त्यावर त्यांनी विचार केला आणि लोणावळा-खंडाळ्यापुरतं माकड वगळलं. शास्त्रात एवढी सूट त्यांनी आयुष्यात एकदाच दिली.

सगळ्यात मोठा गोंधळ साहेबांकडच्या मुंजीत झाला. म्युनिसिपालटीच्या साहेबांच्या मुलाची मुंज, झाडून सगळी कचेरी पंगतीला. साहेबांचे सासरे मुंबईहून आलेले, मोठं प्रस्थ, चांदीच्या ताटात जेवायला बसलेले. मठ्ठ्यातून त्यांनी दोन बोटांनी काहीतरी उचललं आणि कडाडले, "हे काय? केस!" आचारी थरथरत पुढे आला. साहेब उठून उभे राहिले. एवढ्यात समोरच्या पंगतीतून आवाज आला, "थांबा! त्याला बोलू नका. तो केस सगळ्यांना दिसतोय, की यांच्या एकट्याच्याच नजरेला पडतोय?"

पंगत थबकली. गोविंदराव खरकटा हात तसाच वर धरून उभे होते. "जेवणात केस, माश्या, काड्या दिसायला लागल्या तर ते क्षयाचं पूर्वरूप असतं. गेल्या महिन्यात आणखी कधी दिसला होता का? आठवून सांगा. जीभ जरा..."

मी पानातल्या जिलबीकडे बघत बसलो. दुसरं काय करणार? सासरेबुवा पांढरेफटक पडले. त्यांना गेल्या महिन्यातले सगळे केस आठवायला लागले असावेत. आचारी मात्र वाचला. त्यानंतर गावात जिथे जिथे त्याचं आचारीपण असे, तिथून गोविंदरावांकडे जिलबीचा पुडा येई आणि निम्मा माझ्या टेबलावर.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी गोविंदरावांना बोलावून घेतलं. मला साक्षीला नेलं आणि बाहेर उभं केलं. आतून साहेबांचा आवाज येत होता. शिस्त, अब्रू, नोकरी, सगळं ऐकू आलं. मग आवाज खाली आला. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. मी घाबरून दार लोटलं तर साहेब खुर्चीत मान वर करून बसले होते आणि जीभ बाहेर होती.

"झोप लागत नाहीये यांना," गोविंदराव मला म्हणाले.

एवढं सगळं असून गोविंदरावांचं लग्न झालं नाही, याचं नवल वाटायला नको. मुलगी पाहायला गेले होते, एकदाच. वडगावला. मुलीने पोहे आणून ठेवले. बाकीचे लोक नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, असं विचारतात. गोविंदराव म्हणाले, "जीभ." मुलीच्या बापाने त्यांना फाटकापर्यंत पोचवलं, ते आदराने नव्हे. मला हे सांगताना ते स्वतःच हसले आणि मग म्हणाले, "चांगली होती रे. डोळे स्वच्छ होते. निरोगी." त्यानंतर कुठे गेलेच नाहीत. गावठाणात एक खोली घेऊन राहत. स्टोव्हवर आमटी-भात करत, सकाळचंच संध्याकाळी खात.

आणि आता मूळ गोष्ट. रोज संध्याकाळी घरी निघताना त्यांचं एक ठरलेलं असे. टोपी घालायची, छत्री काखेत धरायची आणि माझ्यासमोर येऊन ताठ उभं राहायचं.

"बघ."

"ठणठणीत," मी म्हणायचो. पावत्यांवरून मान वर न करता.

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

"डोळे?"

"दोन आहेत."

तेवढ्यानेसुद्धा त्यांचं समाधान होई. एकदा मात्र मी वैतागून विचारलं, "गोविंदराव, तुम्ही सगळ्या मावळाच्या जिभा बघता. स्वतःची आरशात का नाही बघत?"

ते छत्री टेकून बसले. "नाही दिसत रे. दुसऱ्याचं पूर्वरूप दिसतं, स्वतःचं दिसत नाही. थकवा आला तर वाटतं, वय झालं. चव गेली तर वाटतं, आमटी बिघडली. घरात माणूस असलं, की ते म्हणतं, अहो, आज तोंड का उतरलंय? माझ्या घरात कोण म्हणणार? स्टोव्ह?"

 ते पुढे म्हणाले, "मामा त्या दिवशी सारख्या जांभया देत होते. साथीत रोग्यांच्या दारोदार फिरून आलेले. मी समोर बसून हसत होतो, की मामा आज शिकवताना झोपणार. जांभई पूर्वरूपात येते, हे त्यांनीच त्या महिन्यात मला शिकवलेलं. मी पाठ म्हणून दाखवत होतो, जांभईसकट. आणि समोरची दिसत नव्हती. घरात मी एकटाच होतो बघ त्यांना. बघणारा मी होतो." मग म्हणाले, "मला तसं जायचं नाही माधव. आपल्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं, असं होऊन नाही जायचं. म्हणून तुला सांगतो, तू बघत जा."

"बघतो," मी म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून मी मान वर करून 'ठणठणीत' म्हणायला लागलो. माझ्यासारख्याला तेवढीही मेहनतच.

असं पुष्कळ चाललं. मग एका वर्षी, गौरी-गणपती होऊन गेले होते, पाऊस संपल्यासारखा करून पुन्हा उभा राहिला होता. नाक्यापुढे धुकं एवढं, की बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांवरून गाडी ओळखायची. धोंडिबा गवत घेऊन आला. सवयीप्रमाणे खिडकीशी येऊन जीभ काढून उभा राहिला. गोविंदरावांनी पावती फाडली, त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "जा."

धोंडिबा जीभ तशीच ठेवून उभा. मग आत घेऊन म्हणाला, "भाऊसाहेब, जीब?"

"असू दे. जा."

"आज जिभंला सुट्टी हाय व्हय?" असं पुटपुटत तो गेला.

माझा हात पावतीवरच थांबला. त्याच्यामागून कोळशाची गाडी आली, तिलाही गोविंदरावांनी तसंच जाऊ दिलं. त्यांनी जांभई दिली. समोरचा चहा तसाच होता, वर साय धरलेली. मघाशी तो पाणचट आहे म्हणाले होते. मला तर नेहमीसारखाच लागला होता. दोन्ही हातांनी ते दंड चोळत होते आणि पुन्हा जांभई आली. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ही सगळी यादी मला तोंडपाठ होती. इतकी वर्षं रोज टेबलापलीकडून ऐकलेली. 

मी उठलो. टेबलाला वळसा घालून त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"गोविंदराव, जीभ."

"काय?"

"जीभ काढा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश टोपी काढून मांडीवर ठेवली, डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली. पांढरा थर होता.

"अंग?"

"मोडून आलंय. कालपासून."

"भूक?"

"नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, पावसाने असेल." डोळे उघडले तर ते भरलेले होते.

"डोळ्यांतून पाणी," मी म्हणालो. "हेही त्यातलंच."

"नाही रे," ते म्हणाले. "हे ते नाही."

 त्यांनी नाक पुसून विचारलं, "मग? मला काय होणार?"

"ताप येणार."

"आणि पुढे?"

"पुढचं मला ठाऊक नाही. आपलंही पूर्वरूपापर्यंतच झालंय."

ते हसायला लागले. हसता हसता जांभई आली.

धोंडिबा गवत उतरवून रिकामी गाडी घेऊन परतत होता. त्यातच त्यांना घातलं. वरून इरलं धरलं आणि गावठाणातल्या खोलीकडे न नेता आमच्या घरी नेलं. आमची ही दारात आली. मी म्हटलं, "यांना ताप येणार आहे." तिने कपाळाला हात लावून बघितला. "अजून तर नाहीये."

"येणार आहे," मी म्हणालो. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की हेही त्यांच्याच वळणावर गेले की काय! पण घोंगडी अंथरली.

दिवेलागणीला ताप आला. आला तो चढतच गेला. डॉक्टरांनी काही दिवसांनी विषमज्वर सांगितला. म्हणाले, "सुरुवातीलाच आडवं केलंत आणि पेजेवर ठेवलंत, ते फार बरं केलंत. हे असेच हिंडत राहिले असते, भाकरी खात राहिले असते, तर मला हात टेकावे लागले असते. आता सांभाळा. औषध थोडं, सेवा जास्त."

सेवा म्हणजे काय असते, ते मला त्या दिवसांत कळलं. कपाळावर ओल्या पट्ट्या, तासातासाला पेज, फळाचा रस, चादरी बदलणं, अंग पुसणं. ही दिवसा बघायची आणि मी नाक्यावरून आलो की माझी पाळी. जीव मेटाकुटीला आला. हुश्श करायलाही फुरसत नव्हती. तापात गोविंदराव बडबडत. भेटायला आलेल्या साहेबांची जीभ मागितली आणि साहेबांनी ती काढली. पण मग त्यांची नजर छताकडे जाई आणि आवाज कोवळा होई. "मामा, जांभई का देताय? बघू. मामा, जीभ काढा ना. मी बघतो." आमची ही पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात जायची. मी पट्टी बदलायचो. दुसरं काय करणार?

डॉक्टर मधे दोन दिवस काही बोललेच नाहीत. त्या दोन दिवसांत मी गोविंदरावांच्या तोंडाकडे जेवढं बघितलं, तेवढं आयुष्यात कुणाच्या तोंडाकडे बघितलं नसेल.

मग ताप उतरायला लागला. एका सकाळी मी पेजेचं भांडं खाली ठेवलं, भिंतीला पाठ टेकली आणि माझ्याही नकळत तोंडातून निघून गेलं, "हुश्श."

गोविंदरावांनी डोळे उघडले. डोळे स्वच्छ होते.

"हुश्श का केलंस?"

"दमलो," मी म्हणालो.

"जीभ."

मी काढली. त्यांनी मान थोडी उचलून नीट बघितली. मग माझ्या डोळ्यांखाली बघितलं, हातांकडे बघितलं. पुढचं काय येणार ते मला माहीत होतं. वर्षानुवर्षं ऐकलेलं. पण ते म्हणाले, "हे पूर्वरूप नाही."

"नाही?"

"नाही. हा श्रमाचा थकवा आहे. खरा."

 इतक्या वर्षांत माझा थकवा कुणी खरा मानलाच नव्हता. सवयीने विचारलं, "मग यावर औषध?" आणि त्यांच्या ठरलेल्या उत्तराची वाट बघत बसलो.

गोविंदराव हळूहळू, कण्हत, भिंतीकडे सरकले. घोंगडीवर माझ्यापुरती जागा केली.

"झोप," ते म्हणाले.

"पण तुमचं तर पूर्वरूपापर्यंतच..."

"एवढं येतं मला. झोप तू. मी बघतोय."

मी त्यांच्या शेजारी आडवा झालो आणि झोपलो.